अमेरिकन पासपोर्ट घेऊन अमेरिका सोडायची असेल तर

भारतात परतलेल्या मित्राचा सल्ला ऐकायला बसाल, तेव्हा त्याला आधी एक विचारा: परतलास तेव्हा तुझ्याकडे पासपोर्ट कोणता होता?

सगळा फरक इथे पडतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करून परतलेल्या माणसाचा अमेरिकेच्या कर खात्याशी संबंध वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ संपतो. ग्रीन कार्ड रीतसर परत करणाऱ्याचाही बहुतेक वेळा संपतो. ज्याने शपथ घेऊन नागरिकत्व घेतलं किंवा जो तिथेच जन्मला, त्याचा मात्र संपत नाही. मग तो पुण्यात राहो, लिस्बनमध्ये राहो, की मेक्सिको सिटीत. माणूस कुठे राहतो हे न पाहता नागरिकत्वावर कर लावणारे देश जगात दोनच: अमेरिका आणि एरिट्रिया. व्हॉट्सअॅप गटांवर परतीबद्दल जो सल्ला फिरतो, त्यातला बराचसा भारतीय पासपोर्ट असलेल्यांच्या अनुभवातून आलेला असतो. तो खोटा नसतो, पण तुम्हाला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

म्हणून हा लेख अमेरिकन नागरिक असलेल्या मराठी माणसांसाठी, देश सोडावा की नाही हे अजून ठरवत असलेल्यांसाठी. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. बहुतेक घरांत सुरुवात घरभाड्यापासून होते. कोथरूडला टू-बीएचके केवढ्याला, पोर्तुगालच्या पोर्तोमध्ये केवढ्याला, हे आकडे पाहता पाहता मन तयार होतं आणि बाकीचं सगळं त्या मनाला सोयीचं दिसू लागतं. भाड्याचं घर सहा महिन्यांनी बदलता येतं. जोडीदाराचं गेलेलं ग्रीन कार्ड, मुलीचं निघून गेलेलं वय, सोशल सिक्युरिटीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनची, अपुरी राहिलेली वर्षं सहजासहजी परत मिळवता येत नाहीत. या गोष्टी आधी पाहायच्या.

पायरी १: कारण लिहून काढा, दोघांनी वेगवेगळं

नवराबायकोने एकमेकांना न दाखवता लिहावं: का जायचं, किती वर्षांसाठी, आणि काय झालं तर परत यायचं. मग कागद समोरासमोर ठेवावेत. एकाने 'आईजवळ राहायचं आहे' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने 'नोकरीतून सुटका', असं अनेकदा दिसतं. दोन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत.

आईवडिलांसाठी जायचं असेल, तर एक दार आधी तपासा. २१ वर्षांवरील अमेरिकन नागरिक आपल्या आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो, आणि या गटाला वार्षिक कोट्याची रांग नाही. मात्र त्यासाठी आर्थिक हमीचं जे शपथपत्र द्यावं लागतं, ते देणाऱ्याचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. तुम्ही नाशिकला स्थायिक झालात तर हा मार्ग, तुम्ही परत जाईपर्यंत किंवा परत जाण्याचा ठोस पुरावा देईपर्यंत, अडतो. पंचाहत्तरीच्या पुढच्या आईवडिलांना तिकडे नेणं योग्य की आपण इकडे येणं, यावर माझं मत ठाम आहे: बहुतेक वेळा आपण येणंच बरं. त्यांचे डॉक्टर, शेजारी, भाजीवाला, भजनी मंडळ सगळं इथे असतं, आणि न्यू जर्सीच्या जानेवारीत गाडी चालवता न येणारा माणूस घरात कोंडला जातो. तरीही दार बंद होतंय हे माहीत असून घेतलेला निर्णय आणि नंतर कळलेला निर्णय यांत फरक आहे.

पायरी २: घरातल्या प्रत्येकाचा कागद पाहा

एक नागरिक, एक ग्रीन कार्डवर, मुलं जन्माने अमेरिकन, अशी मराठी घरं पुष्कळ आहेत. अशा घराने सगळ्यांत आधी ग्रीन कार्डवाल्याचा विचार करावा. परवानगीशिवाय वर्षभराहून जास्त बाहेर राहिलं की ते कार्ड धोक्यात येतं. पुनर्प्रवेशाचा परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि तो साधारण दोन वर्षांपुरता चालतो. नागरिकाशी लग्न झालेल्या आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदाराला ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, इतरांना पाच वर्षांनी. ही मुदत वर्षभरावर आली असेल तर जाणं वर्षभर पुढे ढकला. परत यायची वेळ आली आणि जोडीदाराकडे कागद नसला, तर कुटुंब कित्येक महिने दोन खंडांत विभागलं जातं.

आता मुलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मलेली मुलगी आठव्या वर्षी पुण्याला आली, इथेच शिकली, इथेच तिचं भारतीय नागरिकाशी लग्न झालं आणि पुण्यातच बाळ झालं, असं समजा. ते बाळ अमेरिकन नागरिक होईल का? एक पालक अमेरिकन आणि दुसरा परदेशी असेल, तर अमेरिकन पालकाने बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत प्रत्यक्ष पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं, आणि त्यातली दोन वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची हवीत. या मुलीची आठ वर्षं भरली, पण चौदानंतरचं एकही नाही. तिने अमेरिकेत कॉलेजची दोन वर्षं केली असती तर प्रश्न सुटला असता. आज आठ वर्षांच्या मुलीसाठी हा विचार फार दूरचा वाटेल, पण पुढच्या पिढीचा हक्क आजच्या निर्णयात अडकलेला आहे एवढं तरी लक्षात असू द्या.

भारतात येणाऱ्यांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, त्यासोबत राहण्याचा आणि नोकरी-धंदा करण्याचा हक्क. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारशाने मिळू शकते, त्यामुळे गावाकडचा सातबारा तुमच्या नावावर यायला अडचण नाही, पण शेजारची दोन एकर घेता येणार नाहीत. कोकणात आंब्याची बाग घेऊन राहायचं स्वप्न असेल तर ते इथेच अडतं, आणि कुणी 'करून देतो' म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण यांसाठी २०२१ पासून वेगळी परवानगी लागते.

ओसीआयच्या अर्जात जुना भारतीय पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला लागतो. आपल्याकडे खरी अडचण नावांची असते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, अमेरिकन पासपोर्टवर ते गाळलेलं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, आणि नगरपालिकेच्या जुन्या जन्मदाखल्यात बाळाचं नावच नाही, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री'. हे जुळवायला महिने लागतात. निर्णय व्हायचा असला तरी हे काम आजच सुरू करा, त्यात तोटा काहीच नाही.

पायरी ३: दुसऱ्या देशात जायचं असेल तर हक्क कशावर मिळतो ते पाहा

अमेरिकन पासपोर्टवर कुठेही जाता येतं, हा समज पर्यटकापुरता खरा. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस, तेही मिळून सगळ्या देशांत. तिथे राहायला निवास परवाना लागतो.

अमेरिकन माणसासाठी काही वाटा विशेष सोयीच्या आहेत. नेदरलँड्सशी १९५६ चा मैत्री करार आहे. त्याखाली अमेरिकन नागरिक साधारण ४,५०० युरो भांडवल घालून स्वतःचा व्यवसाय उघडू शकतो आणि त्यावर राहू शकतो. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा पेन्शन, भाडं, व्याज अशा बसल्या उत्पन्नावर मिळतो. पनामाला महिना १,००० डॉलरची आजीवन पेन्शन दाखवली की पेन्शनरांचा निवास मिळतो. मेक्सिको उत्पन्न किंवा शिल्लक पाहून चार वर्षांपर्यंत तात्पुरता निवास देतो. जर्मनीत अमेरिकन नागरिक व्हिसाशिवाय उतरून तिथे गेल्यावर परवान्याचा अर्ज करू शकतो. कॅनडात वयाला गुण असल्याने तिशी ओलांडली की दरवर्षी संधी कमी होते.

जुन्या माहितीवर विसंबू नका. पोर्तुगालने गोल्डन व्हिसातून, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणाऱ्या निवासातून, घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये काढून टाकला, परदेशातून आलेल्यांसाठीची जुनी करसवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली, आणि स्पेनने आपला गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून बेत आखलेल्यांची यात मोठी निराशा झाली आहे.

बहुतेक देश जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि एफबीआयचा चारित्र्य अहवाल मागतात, सगळ्यांवर अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) हवं. राज्याने दिलेल्या दाखल्यावर त्या राज्याचं अपोस्टिल, एफबीआयच्या अहवालावर वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याचं, आणि तुमचा जन्म साताऱ्याचा असेल तर जन्मदाखल्यावर भारतातलं.

पायरी ४: कराचं गणित, सावकाश

इथे घाई करू नका. सगळ्यांत जास्त चुका आणि सगळ्यांत महाग चुका इथेच होतात.

बाहेर राहणाऱ्या नागरिकालाही दरवर्षी फॉर्म १०४० हे आयकर विवरण भरावं लागतं, जगभरातलं उत्पन्न दाखवून. परदेशी राहणाऱ्यांना मुदत आपोआप १५ जूनपर्यंत मिळते, पण कर देणं असेल तर व्याज १५ एप्रिलपासूनच सुरू होतं.

म्हणजे दोनदा कर? बहुतेकांना नाही. त्यासाठी दोन सोयी आहेत. पहिली, परदेशी कमाईची वजावट: २०२५ सालासाठी १,३०,००० डॉलरपर्यंतची कमाई अमेरिकन करातून वगळता येते. अट अशी की कोणत्याही सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर काढलेले असावेत, किंवा तुम्ही त्या देशाचे खरेखुरे रहिवासी असावेत. पहिल्या कसोटीने गेलात तर वर्षात अमेरिकेत जेमतेम ३५ दिवस मिळतात. नातवाच्या बारशाला जाऊन महिनाभर राहिलात की हिशेब काठावर येतो. शिवाय 'कमाई' म्हणजे पगार आणि धंद्याचा नफा. व्याज, लाभांश, भाडं, पेन्शन यात बसत नाही, म्हणून निवृत्त माणसाला या वजावटीचा उपयोग नाही.

दुसरी सोय, परदेशी भरलेल्या कराचं क्रेडिट. भारत, जर्मनी, फ्रान्स अशा चांगलाच कर लावणाऱ्या देशांत हीच जास्त कामाची, कारण तिकडे भरलेला कर अमेरिकन करातून वळता होतो. भारताचं करवर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे सांधेजोड करणारा जाणकार लागतो. वजावट एकदा घेऊन नंतर सोडली, तर परवानगीशिवाय पाच वर्षं पुन्हा घेता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षीच दोन्ही मार्गांचे आकडे मांडून बघा.

भारतात परतणाऱ्यांच्या तोंडी 'आरएनओआर' (रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नसलेला) हा शब्द असतोच. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला, किंवा आधीच्या सात वर्षांत ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेल्याला, हा मधला दर्जा मिळतो. त्या काळात परदेशी उत्पन्नावर भारत कर लावत नाही. भारतीय पासपोर्टवर परतलेला मित्र सांगेल, 'त्या दोन वर्षांत अमेरिकेतले शेअर विकून टाक, कुठेच कर नाही.' त्याच्यासाठी ते बऱ्याच अंशी खरं होतं. तुम्ही नागरिक, तुमचा अमेरिकेतला भांडवली नफा अमेरिकेत करपात्रच राहतो. तुमची बचत फक्त भारताच्या बाजूची.

परदेशी खात्यांची माहिती हा वेगळा विषय आणि तो फार गांभीर्याने घ्या. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं विवरण भरावं लागतं. कर नसतो, नुसती माहिती. यात बँक खाती आणि ठेवी येतात, रोख मूल्य असलेल्या एलआयसी पॉलिसी येतात, आणि आईच्या खात्यावर दुसरं नाव तुमचं असेल तर तेही येतं. पैसे आईचे, तुम्ही कधी एक रुपया काढलेला नाही, तरी येतं. वयस्क आईवडिलांच्या बँकेच्या सोयीसाठी नाव घातलेली किती मराठी मुलंमुली असतील! रक्कम मोठी असेल तर परदेशी मालमत्तेची माहिती देणारा फॉर्म ८९३८ सुद्धा: बाहेर राहणाऱ्या एकट्या करदात्याला वर्षअखेर २ लाख किंवा वर्षात कधीही ३ लाख डॉलरच्या वर, एकत्र विवरण भरणाऱ्या जोडप्याला ४ आणि ६ लाख. लपून राहील या भरवशावर राहू नका. परदेशी बँकांकडून अमेरिकन खातेदारांची माहिती मागवणारा फॅटका कायदा २०१० चा, भारताने त्यासाठीचा करार २०१५ मध्ये केला, आणि भारतीय बँका अमेरिकन खातेदारांची माहिती पाठवतात. आधीची वर्षं अज्ञानाने राहून गेली असतील तर घाबरू नका. मुद्दाम न लपवणाऱ्यांसाठी तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांचे एफबार भरून सुरळीत होण्याची अधिकृत योजना आहे, आणि परदेशी राहणाऱ्यांना तीत दंडही माफ असतो. कर खात्याचं पत्र येण्याआधी मात्र ते करायला हवं.

गुंतवणुकीचा नियम सोपा ठेवा: दुसऱ्या देशात 'करमुक्त' असलेलं अमेरिकेत करमुक्त नसतं. भारतातलं पीपीएफचं आणि एनआरई ठेवीचं व्याज, ब्रिटनमधलं आयएसए आणि कॅनडातलं टीएफएसए ही करमुक्त बचत खाती, सगळ्यांना हेच लागू. आणि भारतीय म्युच्युअल फंडांपासून दूर राहा. अमेरिकेच्या दृष्टीने ते परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी ठरतात, त्यांच्यावरचा कर सर्वोच्च दराने आणि वर व्याजासकट लागू शकतो, शिवाय प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म. बँकेतला ओळखीचा मॅनेजर एसआयपीचा आग्रह करील. नम्रपणे नाही म्हणा. अमेरिकेतल्या ब्रोकरकडे अमेरिकन फंड ठेवणं बहुतेकांना सोपं जातं. फक्त ब्रोकर परदेशी पत्ता चालवून घेतो का, हे निघण्याआधी विचारा. काही जण खातं गोठवतात, आणि युरोपात राहणाऱ्याला तिथल्या नियमांमुळे नवे अमेरिकन ईटीएफ (शेअरबाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) घेणं अडतं.

४०१के किंवा आयआरए या अमेरिकेतल्या निवृत्तीच्या बचत खात्यांवर भारतात दरवर्षी कर लागण्याचा घोळ २०२१ च्या वित्त कायद्याने बराच मिटवला. पैसे काढाल तेव्हाच कर, असा पर्याय निवडता येतो, पण त्यासाठी वेळेत फॉर्म भरावा लागतो. तो चुकवू नका.

राज्याचा कर वेगळा. टेक्सास किंवा फ्लोरिडातून निघालात तर प्रश्न नाही. कॅलिफोर्नियातून निघालात तर तिथला संबंध खरोखर संपल्याचं दाखवावं लागतं, आणि परदेशी कमाईची वजावट ते राज्य मानत नाही.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी हे वाचाच. उत्पन्न वजावटीत बसलं तरी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठीचा १५.३ टक्के कर सुटत नाही. पोर्तुगाल, जर्मनी, कॅनडा अशा सुमारे तीस देशांशी अमेरिकेचा करार आहे, तिथे एकाच देशात वर्गणी भरावी लागते. भारताशी असा करार नाही.

नागरिकत्व सोडूनच टाकलं तर? वकिलातीत स्वतः जाऊन शपथेवर ते करता येतं. निव्वळ संपत्ती २० लाख डॉलर किंवा जास्त असेल तर जाताना कर लागू शकतो. आणि हातात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असल्याशिवाय याचा विचारही करू नका. ओसीआय हे नागरिकत्व नाही.

पायरी ५: औषधपाणी आणि म्हातारपण

फायद्याच्या बाजूला इथे मोठं वजन पडतं. पुण्या-मुंबईत तज्ज्ञ डॉक्टरची वेळ त्याच आठवड्यात मिळते, रक्त काढायला माणूस घरी येतो, आणि विमा नसला तरी बिल पाहून झोप उडत नाही. घरात मदतीला बाई मिळणं, आजारपणात रात्रीचा अटेंडंट मिळणं, याची किंमत अमेरिकेत एकट्याने आजारी आईवडिलांना सांभाळलेल्या माणसाला विचारा.

तोट्याची बाजू कागदावरची आहे. मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. मग भाग 'बी'चा, म्हणजे डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाचा, हप्ता भरत राहावा का? २०२५ मध्ये तो महिना १८५ डॉलर होता. न भरता राहिलात आणि नंतर परतलात, तर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के वाढीव हप्ता, तोही आयुष्यभर. पाच वर्षं बाहेर काढून सत्तराव्या वर्षी परतलात तर दीडपट. माझं मत: परत जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटत असेल, किंवा मुलं अमेरिकेत असतील, तर हप्ता चालू ठेवा. मोठ्या आजारात माणूस मुलांजवळ जातो.

सोशल सिक्युरिटीला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे दहा वर्षं. वेबसाइटवर आपलं विवरण उघडा आणि आकडा पाहा. ३३-३४ वर आला असाल तर आणखी दीड-दोन वर्षं थांबणं बहुधा शहाणपणाचं, कारण भारताशी करार नसल्याने भारतातली वर्षं अमेरिकेत जोडली जात नाहीत, आणि मेडिकेअरचा भाग 'ए' (रुग्णालयाचा भाग) विनाहप्ता मिळणंही याच ४० वर अवलंबून आहे. एकदा हक्क झाला की पैसे भारतातही मिळतात, आणि दोन देशांतल्या करविषयक करारानुसार (हा सोशल सिक्युरिटीच्या करारापेक्षा वेगळा) त्यावर कर फक्त अमेरिका लावते. परदेशी राहणाऱ्यांना हयातीची प्रश्नावली टपालाने येते. ती भरून परत गेली नाही तर पैसे थांबतात, म्हणून पत्ता नेहमी अद्ययावत ठेवा.

भारतात आरोग्य विमा निघण्याआधीच काढा. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असू शकते आणि ती पॉलिसीच्या तारखेपासून मोजली जाते. ६५ नंतर पॉलिसी न देण्याची जुनी वयोमर्यादा २०२४ मध्ये गेली, पण साठीनंतरचा हप्ता चांगलाच जड असतो. दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी रोजच्या औषधांची यादी तिथल्या नियमांशी ताडून पाहावी. एकाग्रतेसाठी दिलं जाणारं अॅडरॉल जपानमध्ये नेणंच बेकायदा आहे.

पायरी ६: मुलांची शाळा

चौथी-पाचवीपर्यंतचं मूल रुळतं. आठवीनंतर हलवणं फार विचाराने करावं, आणि अमेरिकेतली नववी सुरू झाली असेल तर बारावी होईपर्यंत थांबावं असं मला वाटतं. अपवाद असतात, पण तो अपवाद मुलाने स्वतः बोलून दाखवलेला असावा.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी विषय सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे. घरी छान मराठी बोलणाऱ्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, आणि वर्गात ते त्याच्या मनाला फार लागतं. निघण्याआधीचं एक वर्ष रोज पंधरा मिनिटं देवनागरी वाचून घ्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (बीएमएम) जोडलेल्या मराठी शाळा अमेरिकेत अनेक गावी आहेत, तिथे घालता आलं तर उत्तम. परदेशातून आलेल्या मुलांना काय सवलत आहे हे शाळेला प्रवेशाआधीच विचारा.

पुढचं शिक्षण भारतात करायचं असेल तर कार्डावरची तारीख पाहा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय विद्यार्थी जेईई-नीटमधून फक्त एनआरआयसाठी खुल्या असलेल्या जागांना पात्र ठरतात. त्या तारखेआधी ज्यांना कार्ड मिळालं, त्यांचे आधीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राखले. अमेरिकेत परत शिकायला जायचं असेल, तर नागरिक म्हणून सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज करता येतो, पण राज्यातल्या रहिवाशांची सवलतीची फी बहुधा हातची जाते. चार वर्षांचा तो फरक दोन देशांतल्या घरखर्चाच्या तुलनेत लिहून ठेवा.

पायरी ७: वाईट ऋतूत राहून पाहा

सगळे डिसेंबरात येतात. पुण्याची थंडी, लग्नं, हुरडा, सवाई, कुणीतरी रोज जेवायला बोलावतं. हे पाहून स्थायिक होण्याचं ठरवू नका. मे महिन्यात या, आणि पुन्हा जुलै-ऑगस्टात. नातेवाइकांकडे न उतरता, ज्या भागात राहायचा विचार आहे तिथे भाड्याने राहा. सकाळी नऊला हिंजवडीकडे जाऊन पाहा, पाण्याचा टँकर मागवून पाहा, बँकेतलं एक काम आणि महापालिकेतलं एक काम स्वतः करून पाहा, एजंटाशिवाय. पोर्तुगालला जाणार असाल तर जानेवारीत पोर्तोला महिना काढा. तिथल्या जुन्या घरांना बहुधा हीटिंग नसतं, आणि दमट थंडी भिंतीतून आत येते.

तेवढ्या मुक्कामात अमेरिकेतली नोकरी चालू ठेवायची असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. तुम्ही परदेशात बसून काम केल्याने कंपनीवर तिथला कर लागू शकतो, म्हणून अनेक कंपन्या ठराविक दिवसांपलीकडे नाही म्हणतात. पर्यटक व्हिसावर राहून काम करणं बहुतेक देशांत नियमबाह्य आहे. ओसीआय असेल तर भारतात तेवढी चिंता नाही.

पायरी ८: ठरलंच, तर निघण्याआधी

घर विकायचं की भाड्याने द्यायचं? मागच्या पाचपैकी दोन वर्षं स्वतः राहिलेलं घर विकलं तर एकट्याला २.५ लाख आणि जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. बाहेर गेल्यावर हे घड्याळ तीन वर्षांत संपतं. त्यामुळे दोन वर्षं भाड्याने द्या, मन स्थिर झालं की तिसरं वर्ष संपायच्या आत ठरवा.

अमेरिकन फोन नंबर जिवंत ठेवा, बँकेचे सगळे ओटीपी त्यावर येतात. विश्वासातल्या नातेवाइकाचा किंवा टपाल स्वीकारणाऱ्या सेवेचा पत्ता ठेवा. एक बँक खातं आणि एक क्रेडिट कार्ड चालू ठेवून त्यावर छोटी देयकं लावून द्या, नाहीतर पत इतिहास सुकतो. ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट मुदत असली तरी नूतनीकरणाला आले असतील तर आधीच करून घ्या. विजेची उपकरणं देऊन टाका, १२० व्होल्टचा मिक्सर २३० व्होल्टवर जळेल. मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र दोन्ही देशांसाठी वेगळं करा, आणि जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल तर वारसा कराच्या सवलती वेगळ्या असतात हे वकिलाला आवर्जून सांगा.

मतदानाचा हक्क तसाच राहतो. शेवटी जिथे राहत होता त्या राज्यातून, दरवर्षी टपाली मतपत्रिकेचा अर्ज भरून. परराष्ट्र खात्याच्या प्रवासी नोंदणीत नाव घाला. महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांची कामं मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून होतात.

परतीची वाट

निघताना दीड वर्षानंतरची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी पायरी एकमधले कागद पुन्हा उघडा. परत जाणं हे अपयश धरू नका. नागरिकत्वाने दिलेली सगळ्यांत मोठी सोय तीच आहे, आणि ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. परतल्यावर आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारात (मार्केटप्लेस) नाव घालायला ६० दिवस मिळतात, ते हुकले तर वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. महाराष्ट्रात राज्य मंडळाची शाळा जूनमध्ये सुरू होते आणि अमेरिकेतली ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा मुलं असतील तर परतायचं की नाही हे मार्चपर्यंत पक्कं करा, म्हणजे भारतातली फी भरण्याआधी अमेरिकेतल्या शाळेच्या हद्दीत घर शोधता येईल.